रस्त्याने मागे टाकलेला पेट्रोल पंप

अमेरिकेत शिकागोहून सेंट लुईसच्या दिशेने निघाले, म्हणजे इलिनॉय राज्यातील मक्याच्या सपाट शेतांमधून जाताना ओडेल नावाचे एक गाव लागते. वस्ती जेमतेम हजाराच्या आसपास. या गावातील जुन्या रस्त्याच्या कडेला एक बैठे, टुमदार घर उभे आहे. उतरते छप्पर पुढे ओढून खांबांवर पेललेले, आणि त्याखाली ओसरीसारखी मोकळी जागा. फरक इतकाच की या ओसरीवर झोपाळा नाही. तेथे पेट्रोलचे पंप आहेत. १९३२ साली बांधलेला हा पेट्रोल पंप आहे. १९६० च्या दशकात तेथील पेट्रोलची विक्री थांबली, १९७५ साली उरलेसुरले दुरुस्तीचे कामही बंद झाले, आणि नंतरची वीसएक वर्षे ही वास्तू ऊनपावसात मोडकळीस येत राहिली. पुढे १९९७ साली तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली आणि १९९९ साली गावाच्या पंचायतीने ती विकत घेऊन दुरुस्त केली. आज तेथे पेट्रोलचा थेंबही मिळत नाही. जुना रस्ता पाहण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांचे स्वागत तेवढे तेथे होते.

बंद पडलेल्या पंपावर एखाद्या लहान गावाने सार्वजनिक पैसा का खर्च करावा, हा प्रश्न हिशेबी मनाला पडणे स्वाभाविक आहे. राजवाडे, किल्ले, देवळे जतन करावीत हे कोणालाही पटते. पण तेलकट हातांचे कामगार ज्या ठिकाणी गाड्यांच्या टाक्या भरत होते, त्या ठिकाणाला ऐतिहासिक वास्तू म्हणणे हा केवळ श्रीमंत देशाचा षोक नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर वास्तुशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राकडे अधिक आहे. हा पंप का उभा राहिला, तो घरासारखाच का दिसतो आणि तो का बंद पडला, या तीन गोष्टींचा उलगडा केला, तर रस्ते आणि प्रगती यांच्या हिशेबातील एक नेहमी विसरली जाणारी रक्कम हाती लागते.

मोटारगाडी आली तेव्हा पेट्रोल विकण्यासाठी निराळी जागा असावी, असे कोणाच्या मनातही नव्हते. किराणा दुकानदार, औषधविक्रेता किंवा लोहार पिंपातून डब्यात आणि डब्यातून नरसाळ्याने गाडीत पेट्रोल ओतून देत असे. इंडियानातील फोर्ट वेन येथील सिल्व्हॅनस बाउझर याने १८८५ साली तयार केलेला पंप मुळात रॉकेल मोजून देण्यासाठी होता. पुढे त्याच कल्पनेतून पेट्रोलचे पंप निघाले आणि ते दुकानांसमोर, रस्त्याच्या कडेलाच उभे राहू लागले. गाड्या थोड्या होत्या तोवर हे चालून गेले. पण अमेरिकेत १९१० साली पाच लाखांहून कमी असलेल्या मोटारगाड्या १९३० पर्यंत अडीच कोटींच्या वर गेल्या. पेट्रोलसाठी भर रस्त्यात गाड्यांची रांग लागू लागली आणि दाट वस्तीत ज्वालाग्राही पदार्थ साठवण्याचा धोका नगरपालिकांच्या ध्यानात आला. पंप रस्त्यावरून हलवून स्वतंत्र आवारात नेणे भाग पडले. १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग शहरातील बाउम बुलव्हार्डवर गल्फ कंपनीने असे एक केंद्र सुरू केले. गाडी थेट आत नेता यावी अशा बेताने मुद्दाम आखून बांधलेले हे पहिल्या केंद्रांपैकी एक मानले जाते. पहिल्या दिवशी तेथे गॅलनला २७ सेंट दराने अवघे ३० गॅलन पेट्रोल खपले. हवा आणि पाणी फुकट होते. असे आवार हवे हे ठरले. त्यात कशी इमारत बांधावी, हा प्रश्न मात्र उरला.

या प्रश्नाचे उत्तर बाजाराच्या रचनेत दडलेले होते. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या अजस्र मक्तेदारीचे ३४ कंपन्यांत विभाजन केले. एका मालकाच्या जागी अनेक विक्रेते आले. परंतु ते जी वस्तू विकत होते ती जवळजवळ सारखीच होती. एका कंपनीचे पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या पेट्रोलहून वेगळे आहे हे सामान्य ग्राहकाला कळण्याचा मार्ग नव्हता. ग्राहकाची मुख्य शंका माप बरोबर आहे की नाही आणि मालात भेसळ तर नाही, ही होती. त्या काळचे काही पंप डोक्यावर काचेचे नळकांडे असलेले होते. हाताने दांडा हलवून पेट्रोल आधी त्या काचेत चढवायचे, ग्राहकाने ते डोळ्यांनी पाहायचे, आणि मग ते गाडीत उतरवायचे. विश्वास बसावा म्हणून वस्तू अक्षरशः काचेत ठेवून दाखवावी लागत होती.

जे काम काचेने मापाच्या बाबतीत केले तेच काम इमारतीने विक्रेत्याच्या बाबतीत केले. अनोळखी मुलुखात, परक्या माणसाकडे थांबताना प्रवाशाला धीर वाटावा म्हणून पंपाला घराचे रूप देण्यात आले. ओडेलच्या पंपाचा मूळ आराखडा ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९१६ साली वापरात आणलेल्या ‘घर आणि पुढे छपरी’ या नमुन्याचा होता. प्युअर ऑइल या कंपनीने १९२० च्या दशकात कार्ल पीटरसन या रचनाकाराकडून निळ्या कौलांच्या, उंच उतरत्या छपरांच्या, धुराडे असलेल्या इंग्रजी झोपडीसारख्या पंपांचा नमुना करवून घेतला. शेजारपाजाऱ्यांचा विरोधही त्यामुळे बोथट झाला. कारण आळीत तेलाचे दुकान कोणालाच नको असते, पण कौलारू घराला नावे ठेवणे कठीण जाते. काहींनी याहून वेगळा मार्ग धरला. नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे १९३० च्या सुमारास शेल कंपनीचा माल विकणाऱ्या एका व्यापारी संस्थेने चक्क भल्यामोठ्या शिंपल्याच्या आकाराचे आठ पंप बांधले. त्यांपैकी एकच आज शिल्लक आहे. वॉशिंग्टन राज्यातील झिला येथे १९२२ साली चहाच्या किटलीच्या आकाराचा पंप उभा राहिला. सरकारी तेलसाठे लाच घेऊन खाजगी कंपन्यांच्या घशात घालण्याचे ‘टीपॉट डोम’ प्रकरण तेव्हा गाजत होते; त्याची ती थट्टा होती.

एडवर्ड चेंबरलिनचा ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ या विषयावरचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ओडेलचा पंप बांधल्यानंतर एका वर्षाने. वस्तू मूलतः सारखी असली तरी विक्रेते चिन्ह, जागा, वागणूक, दर्शनी रूप यांच्या आधारे तिच्यात भेद निर्माण करतात. मग प्रत्येकजण आपल्या कोपऱ्यापुरता लहानसा मक्तेदार बनतो. आणि या लाभाच्या आशेने इतके विक्रेते बाजारात उतरतात की शेवटी कोणाचीच क्षमता पुरेपूर वापरली जात नाही, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन होते. महाविद्यालयांतील विद्यार्थी ते आलेखांच्या साहाय्याने शिकतात. ओडेलच्या लोकांनी ते प्रत्यक्ष पाहिले. हजार वस्तीच्या या गावातून जाणाऱ्या रस्त्याच्या छोट्याशा पट्ट्यात एके काळी नऊच्या आसपास पेट्रोल पंप होते!

हा रस्ता म्हणजे शिकागोपासून पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर पसरलेला ‘रूट ६६’. १९२६ साली त्याला हा क्रमांक मिळाला. त्याच्या काठावर पंप टाकणे हा थोड्या भांडवलात करण्याजोगा व्यवसाय होता. पॅट्रिक ओ’डॉनेल याने ओडेलला रस्त्यालगतचा जमिनीचा एक लहान तुकडा घेऊन हा पंप बांधला तेव्हा महामंदी ऐन भरात होती. कारखाने बंद पडत होते, बँका बुडत होत्या. पण गाड्या धावत होत्या, कारण काम शोधत दुसऱ्या राज्यात जायलाही गाडीच लागत होती. पुढे ओ’डॉनेलने पंप दुसऱ्यांना चालवायला दिला. आधी स्टँडर्ड ऑइलचे नाव होते, नंतर सिंक्लेअर आणि फिलिप्स ६६ या कंपन्यांचे फलक लागले. स्पर्धेत टिकण्यासाठी दुरुस्तीच्या दोन गाड्या मावतील अशी जोडइमारत बांधावी लागली. मूळ घर आणि त्याला चिकटलेली ही चौकोनी जोडणी आजही शेजारी शेजारी दिसतात. पेट्रोलच्या विक्रीवर पोट भरेना म्हणून टायर, तेल, दुरुस्ती यांवर भिस्त ठेवावी लागली, हा सगळा इतिहास त्या दोन छपरांच्या सांध्यात वाचता येतो.

या व्यवसायातील जोखीम कोणाच्या माथी होती, हेही पाहण्याजोगे आहे. १९३५ साली आयोवा राज्याने एकाच मालकाच्या दुकानसाखळ्यांवर चढता कर बसवला. तेव्हा तेल कंपन्यांनी आपले पंप चालकांना भाडेपट्ट्याने देऊन टाकले आणि ही पद्धत देशभर रुजली. कागदोपत्री चालक हा स्वतंत्र व्यापारी झाला. प्रत्यक्षात माल कंपनीचा, फलक कंपनीचा आणि जागाही बहुधा कंपनीची. गिऱ्हाईक कमी झाले तर नुकसान तेवढे त्याचे. कंपनीचा नफा साऱ्या देशातील हजारो पंपांवर पसरलेला असे; चालकाचे नशीब मात्र एका वळणाशी बांधलेले होते.

मंदीतच पंपांचे घरपणही ओसरू लागले. १९३७ साली टेक्साको कंपनीसाठी वॉल्टर डॉर्विन टीग या रचनाकाराने नवा नमुना तयार केला. सपाट छताची पांढरी पेटी, तीन हिरव्या रेघा, लाल तारे, मोठ्या काचा, आणि धुऊन पुसता येईल असा चिनीमातीसारखा गुळगुळीत पृष्ठभाग. या नमुन्याचे पंप पुढे हजारोंच्या संख्येने उभे राहिले. येथे थांबणाऱ्याला आता शेजाऱ्याच्या ओसरीची आठवण करून द्यायची नव्हती. देशात कोठेही गेलात तरी हीच स्वच्छता, हाच माल मिळेल, असे आश्वासन द्यायचे होते. विश्वास माणसावरून चिन्हावर सरकला. ग्राहकाच्या दृष्टीने यात तोटा नव्हता. मात्र ज्या दिवशी सर्व पंप सारखे झाले, त्या दिवशी एखादा विशिष्ट पंप नाहीसा झाला तरी कोणाला हळहळ वाटण्याचे कारण उरले नाही.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळले पाहिजे. रस्ते बांधायला पैसा कोठून आला? १९१९ साली ऑरेगन राज्याने पेट्रोलवर प्रथम कर बसवला आणि दहा वर्षांत सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. जो रस्ता वापरतो तो इंधन जाळतो, आणि जो इंधन जाळतो त्यानेच रस्त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व इतके सरळ होते की त्याला फारसा विरोध झाला नाही. १९३२ साली, म्हणजे ओडेलचा पंप उभा राहिला त्याच वर्षी, केंद्र सरकारनेही गॅलनमागे १ सेंट कर बसवला. तो तेव्हा सर्वसाधारण तिजोरीत जात असे. १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांचा प्रचंड कार्यक्रम हाती घेण्यात आला. केंद्रीय कर ३ सेंट झाला, तो रस्त्यांसाठीच राखून ठेवण्यात आला आणि महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. कर पेट्रोलच्या किमतीत मिसळलेला असे. म्हणजे ओडेलच्या ओसरीवर टाकी भरणारा प्रत्येक प्रवासी, आणि ती भरून देणारा चालक, गावाला वळसा घालून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा हप्ता न चुकता भरत होता. ज्याला उठवायचे होते त्याच्याच गल्ल्यातून त्याला उठवण्याचा खर्च निघाला.

हा अन्याय होता, असे सरळ म्हणून टाकणे सोपे आहे. पण ते खरे ठरणार नाही. गावातून जाणारा महामार्ग ही गावाला केवळ दुभती गाय नव्हती. ओडेलमधून धावणाऱ्या वाहनांची गर्दी एवढी वाढली होती की मुलांना शाळेत आणि चर्चमध्ये सुखरूप जाता यावे म्हणून १९३७ साली रस्त्याखालून पादचाऱ्यांसाठी एक भुयार खणावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर गावाबाहेरून वळणरस्ता निघाला तेव्हा अनेक मातांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. नंतरचा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५५ तर समोरासमोरची वाहतूक दुभाजकाने वेगळी करणारा होता. वेळ वाचला, इंधन वाचले, माणसे वाचली. देशाच्या जमाखर्चात हा लाभ निर्विवाद होता.

प्रश्न लाभाचा नाही, वाटणीचा आहे. १९३९ साली निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशा बदलांची योग्यता ठरवण्यासाठी एक कसोटी सुचवली. बदलामुळे ज्यांना फायदा झाला ते नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या हिताचा मानावा. यातील ‘शकत असतील’ या शब्दांत सारी गोम आहे. भरपाई प्रत्यक्ष द्यावी अशी अट या कसोटीत नाही. लाभ कोट्यवधी प्रवाशांत वाटला गेला; प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे आली आणि ती त्याच्या लक्षातही राहिली नाहीत. हानी मात्र काही हजार पंपचालकांच्या, खानावळवाल्यांच्या आणि लहान गावांच्या डोक्यावर एकवटली. नव्या रस्त्यासाठी ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळाला. ज्याची जमीन जागेवर राहिली पण समोरून वाहणारे गिऱ्हाईक गेले, त्याला काही मिळाले नाही. वाहतूक दुसरीकडे वळली म्हणून भरपाई मागण्याचा हक्क अमेरिकी न्यायालयांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरील रहदारी कोणाची मालमत्ता नाही. आणि ते तर्काला धरूनही आहे. पण तर्काला धरून असलेल्या गोष्टीनेही माणूस उघडा पडतो. १९८५ साली रूट ६६ हा क्रमांकही अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला.

या पार्श्वभूमीवर १९९९ साली ओडेलने घेतलेल्या निर्णयाकडे पाहिले म्हणजे तो षोक वाटेनासा होतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने या जुन्या मार्गावरील वास्तूंच्या जतनासाठी कायदा करून राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत मदतीची योजना आखली. अशा योजनेतून मिळणारी रक्कम रस्त्यांवरील खर्चाच्या तुलनेत नगण्य असते, आणि ती मूळ पंपचालकांना मिळत नाही हेही खरे. तरीही ती एका अर्थाने उशिराने दिलेली पोच आहे. या वळणावर कोणीतरी उभे होते, आणि आपल्या सोयीसाठी ते बाजूला सारले गेले, एवढे तरी तिने मान्य केले.

या जतनावर दोन गंभीर आक्षेप घेता येतात आणि त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला असा की रंगवून नटवलेला पंप खोटा इतिहास सांगतो. गोऱ्या कुटुंबाला जी ओसरी घरासारखी वाटत होती, तेथे कृष्णवर्णीय प्रवाशाचे स्वागत होईलच अशी खात्री नव्हती. कोठे पेट्रोल मिळेल, कोठे मुक्काम करता येईल, कोठे अपमान होणार नाही, हे सांगणारी एक मार्गदर्शिका व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि ती तीस वर्षे निघत राहिली. एस्सो कंपनीच्या पंपांवर ती मिळत असे, ही त्या कंपनीच्या जमेची बाजू. परंतु अशा पुस्तिकेची गरज भासावी यातच पुष्कळ काही आले. दुसरा आक्षेप जमिनीखालचा आहे. जुन्या पंपांच्या पोलादी टाक्या गंजून पेट्रोल मातीत आणि विहिरींच्या पाण्यात झिरपत होते. १९८४ साली अमेरिकेत त्याविषयी कायदा झाला, १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी १९९८ अखेरची मुदत देण्यात आली. हा खर्च न पेलल्याने अनेक लहान पंप बंद पडले. म्हणजे ज्या स्वस्त पेट्रोलची आज आठवण काढली जाते, त्याच्या किमतीचा एक भाग पुढच्या पिढीच्या नावे मांडून ठेवलेला होता.

हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्यांचा निष्कर्ष वास्तू पाडावी असा निघत नाही. तिची कथा पुरी सांगावी, असा निघतो. पाडलेल्या पंपाच्या जागी ना ओसरी दिसते, ना ती कोणाला नाकारली गेली हे आठवते, ना जमिनीखालची टाकी कोणाच्या मनात येते. सामान्य माणसाच्या इतिहासाला दस्तऐवज कमी असतात. राजाचे फर्मान कोणीतरी जपून ठेवतो. पंपचालकाची वही रद्दीत जाते. त्यामुळे त्याची इमारत हाच बहुधा त्याचा एकमेव दप्तरखाना उरतो.

ओडेलची ही कहाणी परकी असली, तरी तिच्या मुळाशी असलेले करतत्त्व भारताला अपरिचित नाही. आणि ते येथे आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. १९२७ साली सरकारने देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवावे, अशी शिफारस या समितीने १९२८ साली केली. तिला अनुसरून १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. २००० साली त्याला नव्या कायद्याचा आधार मिळाला, आणि २०१८ साली त्याचे नाव व व्याप्ती बदलली. पंपांवरील फलकही येथे ओडेलप्रमाणेच बदलले. तुर्भे येथे १९५४ आणि १९५५ साली शुद्धीकरण कारखाने सुरू करणाऱ्या स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचा वारसा १९७४ आणि १९७६ सालच्या राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्याकडे आला.

पेट्रोलवरील करातून रस्ता, रस्त्यातून रहदारी, आणि रहदारीतून पुन्हा कर हे चक्र येथेही फिरते आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याने घाटातील प्रवास सुसह्य केला यात शंका नाही. गावोगावी वळणरस्ते होत आहेत आणि ते हवेच आहेत. गावच्या भर चौकातून भरधाव मालमोटारी जाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. तथापि प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात वाचलेले इंधन आणि वाचलेले तास जसे आकड्यांत मांडले जातात, तसे जुन्या रस्त्यावरचे पंप, खानावळी, टायरवाले, फळविक्रेते यांचे काय होणार याचेही एक पान असावे, ही मागणी अवाजवी ठरू नये. नव्या मार्गाच्या कडेला जागा देताना जुन्या मार्गावरच्यांचा आधी विचार करणे, किंवा धंदा बदलण्यासाठी त्यांना काही वर्षे सवलतीचे कर्ज देणे, याचा खर्च प्रकल्पाच्या एकूण खर्चात नजरेतही भरणार नाही. कॅल्डॉर-हिक्स कसोटीतील ‘शकत असतील’ याचे ‘देतील’ असे रूपांतर करायला नवा सिद्धांत लागत नाही. अंदाजपत्रकात एक रकाना लागतो.

हा प्रश्न आता आणखी निकडीचा होत आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत. उद्या गाडी घरीच किंवा कचेरीच्या आवारात भारित होऊ लागली, तर केवळ एखाद्या वळणावरचे नव्हे, तर बहुतेक सर्व पेट्रोल पंप ओडेलच्या पंक्तीला बसतील. आणि ज्या करावर रस्ते उभे राहिले तो करही त्यांच्याबरोबर आटेल. हवा स्वच्छ होईल, आयात तेलाचा बोजा घटेल, म्हणून हा बदल स्वागतार्हच आहे. पण तो होत असताना पंपावर रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा हिशेब कोणत्या वहीत मांडला जाणार, हे आजच ठरवलेले बरे.

ओडेलच्या पंचायतीने एक जुना पंप वाचवला. उरलेले वाचले नाहीत, आणि सगळे वाचणे शक्यही नव्हते. रस्ता पुढे जाणारच. मात्र पुढे जाताना कोणाला मागे टाकले याची नोंद ठेवणे, आणि ती नोंद वास्तू मोडकळीस येण्याआधी, माणूस उभा असतानाच करणे, एवढे कोणत्याही देशाला परवडण्याजोगे आहे. त्या रिकाम्या ओसरीवर उभे राहिले म्हणजे हे कोणालाही समजावे.